ऊसतोड स्थलांतर आणि माता-बाल आरोग्य : वाशी तालुक्याच्या संदर्भात

विकसनशील देशांतील माता व बाल आरोग्याचा विचार प्रामुख्याने दारिद्र्य, कुपोषण व अपुऱ्या आरोग्यसेवा या अंगांनी केला जातो. धाराशिव जिल्ह्यातील वाशीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात त्यास हंगामी स्थलांतराची जोड मिळते. दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात जातात व साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये परततात.

पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल या जोडीच्या श्रमातूनच फेडावयाची असल्याने गरोदर स्त्रीची विश्रांती कुटुंबास परवडत नाही. गरोदरपणातील किमान चार तपासण्या, १८० दिवसांच्या लोहयुक्त गोळ्या आणि बालकाचे ६, १० व १४ व्या आठवड्यांतील लसीकरण या सेवा मात्र गावातील आशा कार्यकर्ती व उपकेंद्राशी निगडित आहेत. गाव सुटताच ही साखळी खंडित होते.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षित गावकरी स्त्रियांमार्फत नवजात बालकांवर घरीच उपचार केले. तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून आशांच्या गृहभेटी देशभर स्वीकारल्या गेल्या. परंतु ऊसतोड मातेचे हंगामातील घर म्हणजे फडाजवळची कोपी होय. म्हणून प्रस्थानापूर्वी गरोदर मातांची यादी कारखाना क्षेत्रातील आरोग्य केंद्राकडे पाठविणे आणि तेथील आशांनी कोपीपर्यंत जाणे अगत्याचे आहे. सेवेचा हक्क गावाशी नव्हे, तर मातेशी जोडला गेला पाहिजे.