गोधडीचीही नोंद हवी

बुलडाणा जिल्हा म्हटला की लोणारचं सरोवर, जिजाऊंचं सिंदखेड राजा आणि शेगाव ही नावं चटकन ओठांवर येतात. या जिल्ह्याची आणखी एक जुनी ओळख आहे, ती कापसाची. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची निकड भासली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तो मुख्यतः कापसासाठीच. शेतातला कापूस गाठी होऊन बाहेर जाऊ लागला आणि गिरणीचं कापड आठवडी बाजारात येऊ लागलं. घरची सूतकताई मागे पडली.

श्रोतेहो, अशा मुलखातही कापडाची एक कला घराघरांत टिकली. ती म्हणजे गोधडी, कुठे तिला वाकळ म्हणतात. विरलेलं लुगडं, धोतर, पोरांचे सदरे यांचे थर अंथरायचे आणि कडेपासून आत धावदोरा घालत यायचं. फाटलं की ठिगळ, ठिगळावर पुन्हा टाके. एका गोधडीत घरातल्या दोन-तीन पिढ्यांचे कपडे सापडतात. कोणी काय नेसत होतं, काय जपून वापरत होतं, हे तिच्या थरांतून वाचता येतं.

पण संग्रहालय म्हटलं की आपल्याला तलवार, नाणी आणि मूर्ती आठवतात. ही समजूत बदलणारी उदाहरणं महाराष्ट्रात आहेत. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी, वस्त्रं अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य सरकारकडे सोपवला. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर बलुतेदार, शेतकरी आणि त्यांची कामं माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभी केली आहेत. आणि आपल्या विदर्भातच, वर्ध्याला, मगन संग्रहालय आहे. चरख्याच्या सुधारणेसाठी झटलेले मगनलाल गांधी १९२८ मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या या संग्रहालयाचं उद्घाटन महात्मा गांधींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी केलं. खादी आणि ग्रामोद्योगांची अवजारं हा त्याचा गाभा. काम कसं होतं ते लोकांना कळावं, हा त्यामागचा हेतू होता.

हाच हेतू गावच्या छोट्या संग्रहालयाने धरावा. तिफण, मोट, कणगी, जातं मांडून ठेवलं की काम संपत नाही. तिफणीच्या चाड्यात बी कोण सोडत होतं, मुठीतून ते किती सोडायचं, हे लिहून ठेवलं नाही, तर उरतं ते नुसतं लाकूड. गोधडीचंही तसंच. ती कोणी शिवली, कोणत्या साली, आत कोणाचं लुगडं आहे, टाका कुठून सुरू केला, हे चार ओळींत टिपलं तरच तिला अर्थ येतो.

कापड लोखंडापेक्षा लवकर जातं. कसर, ओल, उंदीर आणि ऊन हे त्याचे वैरी. सततच्या उन्हात रंग उडतो, एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवलं तर धागे घडीवरच तुटतात. म्हणून जुनं वस्त्र घडी न घालता स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावं आणि अधूनमधून उलगडून पाहावं. याला मोठा खर्च नाही. शाळेची एखादी मोकळी खोली आणि एक नोंदवही यावर सुरुवात होऊ शकते.

घाई मात्र करायला हवी. जुनी लुगडी भांड्यांच्या बदल्यात जातात, गोधडीची जागा बाजारच्या ब्लँकेटने घेतली आहे आणि टाके घालणारे हात थकले आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी आपापल्या आजीजवळ बसावं, माळ्यावरचं गाठोडं सोडायला लावावं आणि ती सांगेल तसं लिहून घ्यावं. वस्तूंसाठी कपाट पुढेमागे मिळेल. आजीचं सांगणं आधी वहीत उतरू द्या.