पीक नोंदवलं कुणी?

रोवणी आटोपली की सिंदेवाही तालुक्यात धुऱ्याधुऱ्यांवर मोबाईल धरून उभी असलेली माणसं दिसू लागतात. ई-पीक पाहणी सुरू झालेली असते. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रभर शेतकऱ्यानं आपलं पीक स्वतः ॲपवर नोंदवायचं असतं. खातं, गट क्रमांक, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन एवढं भरायचं आणि बांधीत उभं राहून धानाचा फोटो काढायचा. फोटोसोबत अक्षांश-रेखांशही जातात. रेंज नसली तर माहिती फोनमध्ये साठवून नंतर पाठवता येते. इथे ही सोय मोलाची, कारण जंगलाला लागलेल्या बांधीत वाघाच्या भीतीनं संध्याकाळी कुणी थांबत नाही.

मी पाहिलं तिथे हे काम कॉलेजात शिकणारा एक मुलगा करत होता. आधी शेजारच्या काकांचं, मग एका आजीचं. आजी धुऱ्यावरून पुढे, तो मागे. बांधी कुठवर आपली, हे आजीला पाठ. गट क्रमांक मात्र त्यानंच शोधला. फोटो काढला, माहिती पाठवली. आजीनं विचारलं, "झालं का रे बाबू?" हमीभावानं धान विकायच्या नोंदणीला सातबाऱ्यावरची ही पीकनोंद लागते, म्हणून आजीचा जीव त्या नोंदीत अडकलेला.

एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. ते योग्यच आहे. नाहीतर आजीचं धान नोंदीबाहेर राहिलं असतं. पण सरकारी तक्त्यात आजी 'पाहणी केलेली शेतकरी' ठरते. नोंद कुणी केली, हे तिथे दिसत नाही. हीच अडचण मोठ्या मोजमापांतही येते.

देशांची डिजिटल तयारी मोजणाऱ्या 'नेटवर्क्ड रेडिनेस इंडेक्स'मध्ये 2024 साली 133 अर्थव्यवस्थांत भारत 49 वा होता. त्यात तंत्रज्ञान, माणसं, कारभार आणि परिणाम असे चार भाग तपासतात. माणसं मोजणं सर्वांत अवघड. घरात इंटरनेट आहे का, या प्रश्नाला, घरात एखाद्या नातवाचा फोन असला तर, आजीच्या घराचंही उत्तर 'हो' येईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानं 2019-21 मध्ये माणसामाणसाला विचारलं, तेव्हा महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया 38 टक्के आणि पुरुष 61.5 टक्के निघाले. घराला विचारून ही दरी दिसली नसती.

म्हणून सर्वेक्षण करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पुढच्या प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवा. ॲपवरची शेवटची नोंद तुम्ही स्वतः केली, की दुसऱ्यानं करून दिली?