जुन्या दुकानाचा गल्ला

‘डी मार्ट’चे तिमाही निकाल छापून आले, की मला बँकेतल्या दिवसांतले एक धान्यव्यापारी आठवतात. त्यांचे दुकान छान चाले. शेजारच्या तालुक्यात त्यांनी दुसरे काढले, विक्री वाढली, आम्ही कॅश-क्रेडिटची मर्यादा वाढवून दिली. वर्षभरात जुन्या दुकानाच्या गल्ल्यातून नव्याचे भाडे जाऊ लागले. एकूण विक्रीचा आकडा मात्र चढताच होता!

राधाकिशन दमाणी यांनी आधी नेरूळला ‘अपना बाजार’ची फ्रँचायझी चालवून पाहिली. मग २००२ मध्ये पवईत पहिले डी मार्ट उघडले. मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना दिलेला शेअर बाजारात नोंदला गेला. त्या महिनाअखेर दुकाने होती अवघी १३१. पंधरा वर्षांत एवढीच, कारण जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची घ्यायची आणि जिथे दुकाने आहेत त्याच्याच आसपास नवी काढायची, ही रीत. महाराष्ट्र-गुजरातेत पाय रोवून मग पुढे. दुकाने जवळजवळ असली, की गोदामातून निघालेल्या मालाची ने-आण स्वस्त पडते. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते केले, की खरेदीही स्वस्तात होते. आपल्या आज्या वाण्याशी हेच करीत.

मार्च २०२० पर्यंत दुकाने २१४ झाली. पण दोन वर्षे वा त्याहून जुन्या दुकानांच्या विक्रीतली वाढ कंपनी वेगळी देते, ती पाहावी. २०१६-१७ मध्ये ती २१.२ टक्के होती, २०१९-२० मध्ये १०.९.

मग टाळेबंदी आली. एप्रिल-जून २०२० च्या तिमाहीत उत्पन्न आदल्या वर्षीच्या ५,८१५ कोटींवरून ३,८८३ कोटींवर आले, म्हणजे तृतीयांशाने घटले. नफा मात्र ३२३ कोटींवरून ४० कोटींवर! डाळ-तांदूळ विकला जात होता. कपडे, भांडी विकण्यावर निर्बंध होते. डाळ आणायला गेलेली गृहिणी येताना चादर घेऊन येते ना, दुकानाची खरी कमाई त्या चादरीत असते. धान्यावर सुटते ते थोडेच, आणि पगार, वीजबिल काही थांबत नाही.

त्या व्यापाऱ्यांच्या नूतनीकरणाच्या टिपणात मी ‘विक्रीत समाधानकारक वाढ’ असे लिहून सही केली होती. जुन्या दुकानाची विक्री वेगळी मागवावी, हे तेव्हा सुचले नाही.