हँडलची दांडी किती वर घ्यावी?

आमच्या आर्णीत जिनिंगमधल्या एका गड्याचे हँडल उतारावर सुटून हातात आले आणि त्याची महिनाभराची मजुरी बुडाली. तेव्हापासून संघटनेच्या बैठकीतही मी हा विषय काढतो. लोक हसतात, हसोत.

हँडलची दांडी चिमट्याच्या नळीत उतरलेली असते. तिच्या खालच्या टोकाशी पाचर असते. वरून लांब बोल्ट आवळला की पाचर वर ओढली जाते आणि दांडी घट्ट बसते. दांडी फार वर घेतली, तर पाचरीचा दाब नळीच्या आटे पाडलेल्या भागावर येतो. तो भाग मुळातच कमजोर. तिथेच नळी फुटते. म्हणून दांडीवरची खूण नळीच्या आत राहिली पाहिजे. खूण नसेल, तर दांडीच्या जाडीच्या अडीचपट, म्हणजे सुमारे साडेपाच सेंटिमीटर, भाग आत असावा.

सीटच्या नळीला जाडीच्या दुप्पट पुरे. पण घोटाळा इथेच होतो. मानव विकास कार्यक्रमातून आठवीतल्या मुलीला सायकल मिळते, ती बारावीपर्यंत चालवायची. मुलगी वाढते, तशी सीट बोटबोट वर सरकते. खूण बाहेर दिसली की लांब नळी आणावी, मात्र त्याच जाडीची. बारीक नळीला पत्रा गुंडाळून बसवणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. मला ते पसंत नाही.

पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहावे. फिरले तर बोल्ट आवळावा. वर्षातून एकदा दांडी काढून ग्रीस लावावे, नाहीतर गंजून ती आतच धरते.