खतातील सूक्ष्मजीव, ताटातील अळिंबी आणि आपली फुप्फुसे

घरी बटन मशरूमचे पाकीट आले की तरुण मंडळी खूश होतात. ज्येष्ठांच्या मनात मात्र एक शंका डोकावते. "हे उकिरड्यावरच उगवते ना? मग खावे कसे?" ही शंका आजची नाही. जुन्या स्मृतिग्रंथांनी लसूण-कांद्याच्या जोडीने कवकही वर्ज्य ठरवले होते आणि आजही कित्येक घरांत अळिंबी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडत नाही. खायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या रुचीचा आणि श्रद्धेचा प्रश्न. पण शंकेला आरोग्याचा जो भाग आहे, त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. बटन अळिंबीचे खत खरोखरच गव्हाचे काड आणि कोंबड्यांची विष्ठा यांपासून तयार होते. ते लपवण्याचे कारण नाही.

आपण सहसा उलट्या जागी घाबरतो, हे या लेखाचे सांगणे आहे. नीट धुऊन शिजवलेल्या अळिंबीबद्दल जितकी धास्ती वाटते, तितकी बाळगण्याची गरज नाही. परंतु ज्या खतात ती वाढते त्या खताच्या धुळीबद्दल, विशेषतः साठी ओलांडलेल्यांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी, अधिक सावध असायला हवे. या दोन्ही गोष्टींचे कारण एकच, खतात नांदणारे सूक्ष्मजीव.

ढिगाच्या पोटातील भट्टी

अळिंबी ही बुरशीवर्गातील. तिच्यात हरितद्रव्य नसते, त्यामुळे वनस्पतींप्रमाणे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणे तिला जमत नाही. तयार अन्न शोषून घेणे हाच तिचा जीवनक्रम. पण कच्चे काड तिच्या पुढ्यात टाकून भागत नाही. त्यातील सहज पचणाऱ्या शर्करांवर इतर चपळ बुरशी आधी ताव मारतात आणि बटन अळिंबी मागे पडते. म्हणून कोणीतरी ते काड आधी अर्धवट पचवून द्यावे लागते. पीठ आंबल्याशिवाय जशी इडली होत नाही, तसेच हे.

गव्हाचे काड भिजवून त्यात कोंबडखत, थोडा युरिया, गव्हाचा कोंडा आणि जिप्सम मिसळून ढीग रचतात. साध्या तापमानात वाढणारे जिवाणू प्रथम कामाला लागतात. शर्करा फस्त करताना ते उष्णता निर्माण करतात आणि ढीग तापू लागतो. तापमान सुमारे ४५ अंश सेल्सियसच्या पुढे गेले की हे पहिले कामकरी स्वतःच निर्माण केलेल्या उष्णतेने मागे हटतात आणि त्यांची जागा उष्णताप्रिय जिवाणू घेतात. ढिगाच्या गाभ्यात पारा ७० ते ८० अंशांपर्यंत चढतो. ना सरपण, ना वीज; तरीही ढीग उलथताना वाफांचे लोट निघतात.

जुन्या पद्धतीत हा ढीग सुमारे २८ दिवस उघड्यावर ठेवून पुन्हा पुन्हा उलथत असत. नव्या पद्धतीत काही दिवसांनी तो बंदिस्त खोलीत नेतात. तेथे ५८ ते ६० अंश तापमान काही तास राखले जाते. दूध तापवून सुरक्षित करण्याच्या ज्या तत्त्वाला पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव आहे, तेच तत्त्व येथे लागू होते. माशांची अंडी, सूत्रकृमी, अळिंबीच्या रोगांचे बीजाणू आणि कोंबडखतातून येऊ शकणारे साल्मोनेलासारखे रोगजंतू या उष्णतेत नष्ट होतात.

निर्जंतुक नव्हे, सुव्यवस्थित

मग तापमान आणखी वाढवून सगळेच जंतू का मारत नाहीत? कारण रिकामे झालेले खत म्हणजे मोकळे रान. हवेतून पडणारी पहिली बुरशी त्याचा ताबा घेईल. म्हणून पाश्चरीकरणानंतर खत ४५ ते ५० अंशांवर काही दिवस मुरवले जाते. या ऊबेत उष्णताप्रिय बुरशी आणि ॲक्टिनोमायसीट्स नावाचे तंतुमय जिवाणू जोमाने वाढतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो सुगंध येतो, त्यात याच जिवाणूंच्या कुळाचा मोठा वाटा असतो.

खतातून येणारा अमोनियाचा उग्र दर्प हा अळिंबीच्या तंतूंचा शत्रू. मायकोथर्मस थर्मोफायलस ही उष्णताप्रिय बुरशी आणि तिचे सोबती हा अमोनिया शोषून आपल्या शरीरातील प्रथिनांत बदलतात. खतावर राखेसारखे पांढुरके ठिपके दिसू लागतात, दर्प नाहीसा होतो. अनुभवी उत्पादक नाकानेच ओळखतात की खत तयार झाले. मग गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेले बियाणे त्यात मिसळतात. सुमारे २५ अंश तापमानात दोनेक आठवड्यांत पांढऱ्या तंतूंचे जाळे खतभर पसरते. हे जाळे पूर्वीच्या सूक्ष्मजीवांनाच पचवून त्यांच्यातील नत्र मिळवते. म्हणजे कोंबडखतातील नत्र थेट अळिंबीत उतरत नाही. ते अनेक जिवांच्या देहांतून गाळून, बदलून तिच्यापर्यंत पोहोचते.

एवढे होऊनही अळिंबी उगवत नाही. खतावर तीन-चार सेंटीमीटर जाडीचा ओलसर थर द्यावा लागतो. परदेशात त्यासाठी दलदलीतील पीट वापरतात, आपल्याकडे बहुधा नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा चांगले कुजलेले शेणखत. या थरातील स्यूडोमोनास कुळातील जिवाणू अळिंबीच्या तंतूंनीच सोडलेली, फळधारणा रोखणारी वायुरूप द्रव्ये खाऊन टाकतात. थर पूर्ण निर्जंतुक केला तर अळिंबी धरत नाही, असे प्रयोगांत दिसून आले आहे. त्याच कुळातील स्यूडोमोनास टोलासी हा जिवाणू मात्र अळिंबीच्या टोपीवर तपकिरी डाग पाडतो. जंतू सगळेच वाईट किंवा सगळेच चांगले नसतात. कोण, कोठे आणि किती, यावर सारे ठरते.

हे शास्त्र फार जुने नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या परिसरातील माळी घोड्याच्या लिदीवर अळिंबी वाढवू लागले, तेव्हा त्यांना सूक्ष्मजीवांची कल्पनाही नव्हती. आज भारतात हिमाचल प्रदेशातील सोलन येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे अळिंबी संशोधन संचालनालय याच विषयाला वाहिलेले आहे. निसर्गात मात्र ही कला फार पूर्वीपासून आहे. गोव्यात आणि कोकणात पावसाळ्यात वारुळांवर जी चविष्ट अळिंबी उगवते, तिच्यासाठी वाळवी वारुळाच्या पोटात पालापाचोळ्याचे खत रचते आणि जपते.

ताटापर्यंत येताना

तर मग ताटातील अळिंबीचे काय? योग्य रीतीने तयार झालेल्या खतातून आलेली अळिंबी ही जमिनीतून काढलेल्या बटाट्या-गाजरांहून अधिक संशयास्पद नाही. टोपीला चिकटलेले मातकट कण बहुधा वरच्या थराचे असतात. शिजवण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली हलक्या हाताने धुवावे, देठाचे मातीचे टोक कापून टाकावे. आधीच धुऊन ठेवू नये. ओलाव्याने ती लवकर बुळबुळीत होते. शीतकपाटात कागदी पिशवीत ठेवावी. बुळबुळीत, काळवंडलेली किंवा आंबूस वासाची अळिंबी निःसंकोच फेकून द्यावी. ज्येष्ठांनी ती कच्ची खाऊ नये. बारीक चिरून, पूर्ण शिजवून खाल्ल्यास चावायला आणि पचायलाही सोपी जाते.

अळिंबीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, १०० ग्रॅममध्ये सुमारे ३ ग्रॅम प्रथिने आणि अर्ध्या ग्रॅमहून कमी स्निग्धांश. चिरलेली अळिंबी दुपारच्या उन्हात थोडा वेळ ठेवल्यास तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होते. मात्र डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची जागा ते घेत नाही. पोटॅशियमचे प्रमाण १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून अधिक असल्याने मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच युरिक ॲसिड वाढलेल्यांनी, आपल्या डॉक्टरांना विचारूनच ती आहारात घ्यावी. आणि रानातून आणलेली अनोळखी अळिंबी कधीही खाऊ नये. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलतो का, या घरगुती परीक्षांना कसलाही आधार नाही.

खरी काळजी धुळीची

आता दुसरी बाजू. ज्या ॲक्टिनोमायसीट्सनी खत घडवले, त्यांचे बीजाणू अतिशय सूक्ष्म असतात. कोरडे खत उलथताना ते हवेत उडतात आणि श्वासावाटे फुप्फुसांच्या खोल कोशांपर्यंत पोहोचतात. काहींच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांच्याविरुद्ध भडकते. अळिंबी उत्पादन केंद्रांतील कामगारांत आढळणारा हा विकार वैद्यकशास्त्राला परिचित आहे. कबुतरांच्या विष्ठेमुळे होणारा फुप्फुसविकार आपल्या शहरांतील वाचकांनी ऐकला असेल. हा त्याचाच भाऊबंद. खत हाताळल्यानंतर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, धाप आणि अंगदुखी सुरू होते; एक-दोन दिवसांत आपोआप उतरते. त्यामुळे तो फ्लू समजला जातो. संपर्क पुन्हा पुन्हा येत राहिला तर फुप्फुसे कायमची ताठर होऊ शकतात.

दुसरा धोका संसर्गाचा. खतात आणि कुंड्यांसाठीच्या तयार मातीत लीजनेला लाँगबीची नावाचा जिवाणू राहतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये त्यामुळे होणारा न्यूमोनिया बागकाम करणाऱ्या वयस्कांत प्रामुख्याने आढळतो. तेथे अशा मातीच्या पिशव्यांवर आरोग्याचा इशारा छापलेला असतो. मुलांकडे काही महिने राहायला गेलेले आपले कित्येक आजी-आजोबा तेथे हौसेने बागेत रमतात. त्यांनी तो इशारा अवश्य वाचावा.

तिसरा धोका ॲस्परजिलस आणि म्युकर गटातील बुरशींचा. दमा, दीर्घकालीन श्वासविकार, अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना, तसेच स्टेरॉइड किंवा कर्करोगावरील औषधे घेणाऱ्यांना तो अधिक. २०२१ साली महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे जे दिवस पाहिले, ते आपण विसरलेलो नाही. त्या वेळी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने माती आणि खत हाताळताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायांत बूट वापरण्याचा सल्ला दिला होता. तो सल्ला साथीपुरता नव्हता.

हौस जपावी, पण अशी

बागकाम सोडा, असे सांगण्याचा येथे मुळीच हेतू नाही. निवृत्तीनंतर चार कुंड्यांनी दिलेला आनंद औषधाइतकाच मोलाचा असतो. फक्त थोडी शिस्त हवी. खताची पिशवी उघड्या हवेत, तोंडापासून दूर धरून, कात्रीने हळू कापावी. आत थोडे पाणी शिंपडून खत ओलसर करूनच हाताळावे. एन-९५ मुखपट्टी आणि हातमोजे वापरावेत. साधा रुमाल बीजाणूंना अडवत नाही. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला, चष्म्याला, पानाच्या डब्याला हात लावू नये. फुप्फुसे अशक्त असतील किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर खत मिसळण्याचे काम घरातील तरुणांनी करावे आणि आजी-आजोबांनी पाणी घालण्याचा, फुले तोडण्याचा आनंद घ्यावा. अळिंबी काढून झाल्यावर उरलेले खत स्वस्तात मिळते. त्यात क्षार अधिक असल्याने ते काही महिने मुरवून, मातीत बेताने मिसळून वापरावे.

हल्ली घरी धिंगरी अळिंबी वाढवण्याच्या पिशव्या मिळतात. धिंगरीला मुरवलेले खत लागत नाही. गरम पाण्यात निर्जंतुक केलेल्या भाताच्या किंवा सोयाबीनच्या काडावर ती वाढते. पण पक्व झाल्यावर ती बीजाणूंची पांढरी भुकटी भरपूर सोडते. म्हणून तिच्या कडा पसरून वर वळण्यापूर्वीच काढणी करावी, पिशवी झोपण्याच्या खोलीत कधीही ठेवू नये. हिरवी किंवा काळी बुरशी दिसली तर पिशवी न उघडता, न झटकता घराबाहेर काढावी.

काळजीवाहकांसाठी शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची सूचना. घरातील ज्येष्ठांना ताप, खोकला आणि धाप लागली, तर त्यांनी गेल्या दोन आठवड्यांत खत किंवा कुंडीची माती हाताळली होती का, हे आठवून डॉक्टरांना आपणहून सांगावे. न्यूमोनियात दिली जाणारी पेनिसिलिन गटातील औषधे लीजनेलावर चालत नाहीत, आणि लघवीची प्रचलित चाचणी लाँगबीची हा प्रकार सहसा पकडत नाही. अशा वेळी "आजोबांनी परवा कुंड्या भरल्या होत्या" हे एक साधे वाक्य योग्य तपासणीचा आणि योग्य औषधाचा मार्ग मोकळा करू शकते.