जादूच्या पत्त्यांची पारख

दिसण्यात सर्वसामान्य, परंतु छेद, छपाई अथवा पृष्ठलेप यांत हेतुपुरस्सर फरक केलेला पत्ता तो करामती पत्ता.

पाठ: १८८५ साली सिनसिनाटीत निघालेला ‘बायसिकल’ छाप जादूगारांत रूढ असल्याने, सुमारे ६३ × ८८ मिलिमीटरच्या करामती पत्त्याची नक्षी, रंगछटा व पांढरी किनार त्याच छापाच्या साध्या पत्त्यांशी तंतोतंत जुळणे ही पहिली कसोटी.

स्वेंगाली कॅट: ५२ पैकी २६ पत्ते एकच, आणि किंचित आखूड, हा आखूडपणा अंगठ्याला कळावा, नजरेस नव्हे. कडेला कापाचे तंतू राहिले की माल हलका.

निमुळता कॅट: एक टोक अरुंद; उलट फिरवून घातलेला पत्ता कडेने हाती लागतो. उतार प्रत्येक पत्त्यात समान हवा.

अदृश्य कॅट: पाठीस पाठ लावलेल्या जोड्या खरखरीत लेपामुळे एकत्र राहतात, आणि बोटाचा दाब किंचित बदलताच विलग होतात. खरी परीक्षा येथेच: लेप कमी पडल्यास पत्ते अवेळी सुटतात, अधिक झाल्यास पंखा अडखळतो, शिवाय वापराने लेप झिजतोच.

दुतोंडी पत्ता: दोन्हीकडे चित्र. सोलून चिकटवलेला असल्यास जाडी व लवचिकता तपासावी. कारखान्यात छापलेला बहुधा सरस.