पोकरमधील शीघ्र संभाव्यता-गणन

पोकर या पत्त्यांच्या खेळात, डाव चालू असतानाच जिंकण्याची संभाव्यता व लावावयाची रक्कम यांचा मेळ मनातल्या मनात घालण्याची रीत. ऑनलाइन खेळात प्रत्येक निर्णयास मोजकेच सेकंद मिळतात आणि काही खेळाडू एकाच वेळी अनेक मेजांवर खेळतात. त्यामुळे अचूक अपूर्णांकांऐवजी सोप्या आसन्न नियमांचा अवलंब केला जातो.

टेक्सस होल्डेम या प्रकारात प्रत्येकास दोन पाने झाकून मिळतात व मेजावर पाच सामाईक पाने उघडली जातात : प्रथम तीन (फ्लॉप), नंतर एक (टर्न) व अखेरीस एक (रिव्हर). फ्लॉपनंतर खेळाडूस ५२ पैकी ५ पाने दिसलेली असतात. ४७ अज्ञात राहतात. दिसलेल्यांपैकी चार पाने बदामची असल्यास, पाचवे बदाम मिळवून देणारी ९ पाने उरतात. अशा उपकारक पानांस ‘आउट’ म्हणतात. अज्ञात पानांपैकी विवक्षित एक पान पुढे येण्याची संभाव्यता १/४७, म्हणजे सु. २·१% असते. म्हणून आउटच्या संख्येस २ ने गुणल्यास पुढील एका पानावरची, तर ४ ने गुणल्यास उरलेल्या दोन्ही पानांवरची संभाव्यता शेकडेवारीत मिळते. वरील उदाहरणात ही उत्तरे १८ व ३६ येतात. अचूक मूल्ये १९·१ व ३५·० आहेत. आउट वाढले की चौपटीचा नियम फुगीर उत्तर देतो. १५ आउटना तो ६०% सांगतो, प्रत्यक्षात संभाव्यता ५४·१% असते. याकरिता ८ हून जितके आउट अधिक, तितके गुणाकारातून वजा करतात (६० − ७ = ५३).

ही संभाव्यता पणाच्या प्रमाणाशी ताडून पाहावी लागते. मेजावर ६० रुपये जमले असता प्रतिस्पर्ध्याने ३० लावले, तर आणखी ३० भरून एकूण १२० रुपयांसाठी खेळावयाचे असते. म्हणजे किमान २५% संभाव्यता हवी. येथेच नेहमीची चूक घडते. ३६% हे उत्तर २५ हून मोठे असले, तरी दोन्ही पाने पुढे काहीही न भरता पाहावयास मिळणार असतील, तरच ते लागू पडते. तसे असता सरासरी सु. १२ रुपये लाभ होतो. टर्ननंतर पुन्हा रक्कम भरावी लागणार असेल, तर एकाच पानाची १९% संभाव्यता विचारात घ्यावी लागते व केवळ तिच्या आधारे त्याच निर्णयात सरासरी सु. ७ रुपये तोटा होतो. पुढे फ्लश साधल्यावर प्रतिस्पर्ध्याकडून अधिक रक्कम मिळण्याची शक्यता असल्यास हा तोटा काही अंशी भरून निघतो. याउलट, फ्लश साधूनही प्रतिस्पर्ध्याचा हात वरचढ ठरू शकतो. अशी संशयास्पद पाने आउटमध्ये पूर्णांशाने धरीत नाहीत.

सरासरीचा हा हिशेब असंख्य डावांनाच लागू असतो. एका डावाचा निकाल तो सांगत नाही. भारतात २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यान्वये पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, निषिद्ध ठरविण्यात आले.